इंटरकॉममधला जुना चॅट कसा काढायचा: एका ग्राहकाचा आणि तीन वर्षांचा

प्रश्न: आमच्या ऑनलाइन दुकानाच्या वेबसाइटवर तीन वर्षांपासून इंटरकॉमचा (ग्राहकांशी बोलण्याच्या सॉफ्टवेअरचा) चॅट आहे. एक ग्राहक म्हणतात, ‘मार्च २०२४ मध्ये तुमच्याच माणसाने चॅटवर सांगितलं होतं, पंधरा दिवसांत वस्तू परत घेऊ.’ इनबॉक्समध्ये त्यांचा ईमेल टाकला तर काहीच येत नाही. ते संभाषण कसं शोधायचं? आणि सगळी जुनी संभाषणं एपीआयने (प्रोग्रामने थेट माहिती मागायच्या सोयीने) उतरवून आपल्याकडे ठेवता येतात का?

उत्तर: दोन्ही करता येतं. पण पहिल्या कामात बहुतेक जण शब्द शोधत बसतात, आणि तिथेच दिवस जातो. जुना चॅट शोधायचा तर आधी तो माणूस इंटरकॉमच्या नोंदीत कोणत्या रूपाने आहे हे शोधायचं. माणूस हाती लागला की संभाषण दोन मिनिटांत मिळतं.

एक सूचना आधीच देतो. खाली फील्डची, म्हणजे नोंदीतल्या रकान्यांची, नावं देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून लिहायची.

ईमेल टाकून सापडत नाही, कारण

इंटरकॉममध्ये ग्राहकाची नोंद दोन प्रकारची असते: यूजर आणि लीड. तुमच्या साइटवर लॉगिन करून चॅट उघडला तर तो यूजर, म्हणजे त्याचा ईमेल किंवा तुमचा ग्राहक क्रमांक नोंदीला जोडलेला. लॉगिन न करता मेसेज टाकला की त्याच माणसाची लीड म्हणून वेगळी नोंद होते. ईमेल दिला नसेल तर तिला इंटरकॉम स्वतःच एक काल्पनिक नाव देतं, रंग आणि वस्तू जोडून केलेलं. ही ओळख टिकते ती ब्राउझरमधल्या कुकीवर. कुकी पुसली, मोबाइल बदलला किंवा इनकॉग्निटोमध्ये साइट उघडली की तोच माणूस नवा लीड होतो. म्हणून एका ग्राहकाच्या तीन-चार नोंदी असणं अगदी नेहमीचं आहे, आणि तुमचा मार्चमधला चॅट बहुधा अशाच एका बिनईमेलच्या लीडखाली पडला असणार.

त्यामुळे पहिली पायरी एपीआयमधल्या कॉन्टॅक्ट सर्चची, म्हणजे ग्राहकांच्या नोंदींतल्या शोधाची. ईमेलने शोधा, मग फोनने. फोन काही ठिकाणी ‘+९१’ लावून, काही ठिकाणी नुसता दहा आकडी, काही ठिकाणी मध्ये जागा सोडून नोंदलेला असतो. म्हणून ‘बरोबर’ हे चिन्ह वापरू नका, ‘शेवटी अमुक आहे’ असं सांगणारा डॉलरचा ऑपरेटर वापरा आणि शेवटचे चार-पाच आकडे द्या. जितक्या नोंदी मिळतील त्या सगळ्यांचे कॉन्टॅक्ट आयडी टिपून घ्या. हा आयडी २४ अक्षर-अंकांचा असतो आणि तो कॉपी-पेस्टच करायचा, हाताने उतरवायचा नाही. मग कॉन्व्हर्सेशन सर्चमध्ये ‘कॉन्टॅक्ट आयडीज’ या फील्डवर ते सगळे आयडी देऊन संभाषणं मागवा.

एकाच माणसाचा लीड आणि यूजर वेगळे सापडले तर मर्जची सोय आहे, लीड यूजरमध्ये विलीन करता येतो. पण तक्रार चालू असताना मर्ज करू नका. आधी दोन्ही नोंदी जशा आहेत तशा उतरवून ठेवा. मर्ज उलटवता येत नाही, आणि ‘त्या वेळी नोंद कशी होती’ असं पुढे कुणी विचारलं तर दाखवायला काही उरत नाही.

माणूस सापडलाच नाही तर तारखेने जा

लीडला ना ईमेल ना फोन, अशा वेळी तारीख, पान आणि शब्द हे तीन धागे उरतात. ग्राहकाला नीट विचारा: साधारण कोणत्या आठवड्यात, सकाळी की रात्री, कोणत्या वस्तूच्या पानावरून चॅट उघडला होता, स्क्रीनशॉट आहे का. त्यांना स्वतःच्या मेलबॉक्समध्येही शोधायला सांगा. ग्राहक साइटवरून निघून गेला आणि त्याने ईमेल दिलेला असेल, तर उत्तर मेलने जातं. अनेकदा खरा पुरावा तिथे पडून असतो.

आता तारखेचा फिल्टर. इथली चूक इतकी सर्रास होते की ती सविस्तर सांगायला हवी.

इंटरकॉमला वेळ युनिक्स सेकंदांत, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत लागते, आणि ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे मोजलेली असते. आपली वेळ साडेपाच तास पुढे. १ मार्च २०२४ ची भारतीय मध्यरात्र म्हणजे यूटीसीने २९ फेब्रुवारीची संध्याकाळ, ६ वाजून ३० मिनिटं. सेकंदांत हा आकडा १७०९२३१४०० होतो. महिना संपतो १७११९०९८०० ला. साडेपाच तास वजा करायचे राहिले तर १ तारखेच्या पहाटेचे चॅट गळतात आणि १ एप्रिलचे पहाटेचे आत येतात. हा आकडा दहा अंकी असतो. जावास्क्रिप्टला मात्र मिलिसेकंद लागतात, म्हणजे तेरा अंकी आकडा. दहा अंकी आकडा तसाच दिला तर तारीख २० जानेवारी १९७० दिसते. रिपोर्टमध्ये १९७० दिसलं की समजायचं, हजाराने गुणायचं राहिलं.

आता त्याहून महत्त्वाचं. ‘मार्चमधला चॅट’ म्हटल्यावर सगळे ‘क्रिएटेड ॲट’ मार्चमध्ये आहे अशी संभाषणं मागतात. हे चुकीचं आहे. इंटरकॉममध्ये ग्राहक जुन्याच धाग्यात पुन्हा मेसेज टाकू शकतो, आणि बंद केलेलं संभाषण त्याच आयडीवर परत उघडतं. जानेवारी २०२३ मध्ये साइजबद्दल विचारलेल्या धाग्यात त्याने मार्च २०२४ मध्ये ‘वस्तू परत द्यायची आहे’ लिहिलं असेल, तर त्या संभाषणाची निर्मिती २०२३ चीच राहते. म्हणून फिल्टर असा लावा: ‘क्रिएटेड ॲट’ १७११९०९८०० च्या आधी, आणि ‘अपडेटेड ॲट’ १७०९२३१४०० च्या नंतर. यात फालतू संभाषणं जास्त येतील, पण हवं ते सुटणार नाही. नंतर प्रत्येक संभाषण उघडून आतल्या मेसेजांची वेळ बघून चाळणी लावायची.

वेबसाइटवरचेच चॅट हवे असतील तर ‘सोर्स’ मधला ‘टाइप’ बघा, तो ‘कॉन्व्हर्सेशन’ असायला हवा. ईमेल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामचे प्रकार वेगळे नोंदलेले असतात. ‘सोर्स’ मध्येच ‘यूआरएल’ असतं, म्हणजे चॅट कोणत्या पानावर सुरू झाला. ग्राहकाने वस्तूचं नाव सांगितलं असेल तर एवढ्या एका फील्डवर पाचशे संभाषणांची दहा होतात.

शब्दाने शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, ‘सोर्स डॉट बॉडी’ हे फील्ड फक्त पहिल्या मेसेजचं आहे. तुमच्या माणसाने पाचव्या उत्तरात दिलेला शब्द त्यात कधीच सापडणार नाही. दोन, हे फील्ड सबंध वाक्य म्हणून तपासलं जात नाही, एकेक शब्द सुटा तपासला जातो. दोन शब्द एकत्र देऊन ‘बरोबर’ लावलंत तर निकाल रिकामा येतो. एकेक शब्द वेगळ्या अटीत द्या आणि अटी ‘ॲण्ड’ने जोडा. एका गटात १५ अटी चालतात आणि अटींच्या आत अटी दोन थरांपर्यंतच.

संभाषण उघडल्यावर काय वाचायचं

सर्चमधून मिळते ती संभाषणांची यादी, त्यात पुढचे मेसेज नसतात. प्रत्येक आयडी देऊन संभाषण स्वतंत्र मागवावं लागतं. ‘डिस्प्ले ॲज’ ला ‘प्लेनटेक्स्ट’ दिलं की एचटीएमएलचे टॅग निघून साधा मजकूर येतो. वाचायला तो बरा. जतन करायला मात्र मूळ एचटीएमएलच ठेवा, नाहीतर लिंक आणि चित्रांचे पत्ते हरवतात.

उतरवलेले चॅट वाचून लोक हमखास म्हणतात, ‘ग्राहकाचा प्रश्नच दिसत नाही, आमची उत्तरंच आहेत.’ कारण पहिला मेसेज ‘सोर्स’ मध्ये असतो आणि पुढचे सगळे ‘कॉन्व्हर्सेशन पार्ट्स’ मध्ये. नुसते पार्ट्स वाचणारा कोड पहिलाच मेसेज टाकून देतो. संपूर्ण संवाद हवा तर सोर्स आधी, मग पार्ट्स, आणि सगळं ‘क्रिएटेड ॲट’ प्रमाणे क्रमाने लावून घ्यायचं.

प्रत्येक पार्टला ‘पार्ट टाइप’ असतो. ‘कमेंट’ म्हणजे ग्राहकाला दिसलेला मेसेज. ‘नोट’ म्हणजे तुमच्या टीमची आतली टिपण, ती ग्राहकाला कधीच दिसली नाही. ‘असाइनमेंट’, ‘क्लोज’, ‘ओपन’ या हालचालींच्या नोंदी, पण त्यांतही कधी मजकूर असतो, कारण एजंट उत्तर लिहून त्याच वेळी बंद करतो. म्हणून नुसते ‘कमेंट’ गाळून घेतले तर असं उत्तर निसटतं. नियम साधा ठेवा: नोट सोडून, ज्या पार्टमध्ये मजकूर आहे तो प्रत्येक पार्ट घ्या. ग्राहकाला प्रत देताना नोट चुकून गेली तर काय होईल हे सांगायला नको. त्यात ‘हा ग्राहक त्रास देतो’ असंही लिहिलेलं असतं.

मग लेखक बघा. ‘ऑथर’ चा ‘टाइप’ यूजर, लीड, ॲडमिन किंवा बॉट असतो. ‘तुमच्या माणसाने सांगितलं’ असं ग्राहक म्हणतो, आणि नोंदीत बॉट निघतो. असं झालं म्हणून जबाबदारी संपत नाही, बॉटही तुमच्याच नावाने बोलतो. पण चूक एजंटच्या बोलण्यात आहे की बॉटला दिलेल्या परतीच्या धोरणाच्या लेखात, हे यावरूनच कळतं. लेखात चूक असेल तर तेच उत्तर आणखी अनेकांना गेलेलं असणार, आणि तुम्हाला तीही सगळी संभाषणं काढावी लागतील.

‘रिडॅक्टेड’ खूण असलेला मेसेज एपीआयने परत येत नाही. कार्ड नंबर वगैरे असल्याने कुणीतरी तो मुद्दाम पुसलेला असतो. कायमचं डिलीट केलेलं संभाषणही येत नाही.

एकच संभाषण हवं असेल आणि ते सापडलं असेल, तर कोड लिहायची गरज नाही. इनबॉक्समध्ये ते उघडून मेनूमधून मजकूर फाइल म्हणून एक्सपोर्ट करता येतं.

तीन वर्षांचं सगळं उतरवताना

इंटरकॉमच्या डेव्हलपर हबमध्ये ॲप तयार करून ॲक्सेस टोकन (एपीआय वापरायची किल्ली) घ्या आणि संभाषणं आणि कॉन्टॅक्ट वाचण्यापुरतीच परवानगी द्या. टोकन कोडच्या फाइलमध्ये लिहू नका. खातं युरोप किंवा ऑस्ट्रेलियाच्या विभागात असेल तर एपीआयचा पत्ताही त्याच विभागाचा लागतो. टोकन बरोबर असूनही ओळख नाकारली गेली तर आधी हेच तपासा. विनंतीच्या हेडरमध्ये एपीआयची आवृत्तीही ठरवून द्या, नाहीतर ॲपच्या सेटिंगमध्ये कुणी ती बदलली की फील्डची रचना तुमच्या नकळत बदलते.

एक गोंधळ इथेच दूर करतो. ‘कंटेंट डेटा एक्सपोर्ट’ नावाची एक सोय एपीआयमध्ये आहे आणि नावावरून वाटतं, हेच हवं. ती तुम्ही पाठवलेल्या मोहिमांच्या मेसेजांची आकडेवारी देते: कुणाला गेला, कुणी उघडला. ग्राहकाशी झालेलं संभाषण त्यात नसतं. रिपोर्टमधून निघणाऱ्या सीएसव्हीतही मुख्यतः वेळा, टॅग, रेटिंग असे तपशील असतात, बोलणं नसतं.

सर्च एका पानावर न सांगता २० संभाषणं देतं, सांगितलं तर १५० पर्यंत. पुढचं पान मागायला ‘स्टार्टिंग आफ्टर’ मध्ये आधीच्या उत्तरातला कर्सर (यादी कुठवर आली याची खूण) द्यायचा. निकाल मुळात ‘अपडेटेड ॲट’ प्रमाणे नवे आधी असे येतात, आणि गळती इथेच होते. तुम्ही चाळिसाव्या पानावर असताना साठाव्या पानावरच्या संभाषणात ग्राहकाने मेसेज टाकला, की ते उडी मारून पहिल्या पानावर जातं. तुम्ही साठाव्या पानावर पोचता तेव्हा ते तिथे नसतं. चूक कुठेच दिसत नाही, यादी नीट संपते, संभाषण मात्र गळलेलं असतं.

उपाय असा. तीन वर्षांची एक लांब यादी मागू नका. ‘क्रिएटेड ॲट’ वर एकेका दिवसाची खिडकी लावा, म्हणजे साधारण १०९५ छोट्या याद्या. खिडक्या एकमेकींवर मिनिटभर चढू द्या आणि दुहेरी नोंदी संभाषणाच्या आयडीने काढा. प्रत्येक उत्तरात ‘टोटल काउंट’ येतो, तो त्या दिवशी हाती आलेल्या आयडींशी ताडून बघा. नाही जुळला तर तोच दिवस पुन्हा मागवा. सगळं संपल्यावर ‘अपडेटेड ॲट’ वर शेवटची एक फेरी मारा, उतरवायला सुरुवात केल्या क्षणापासून पुढची, म्हणजे मधल्या काळात बदललेली संभाषणंही ताजी होतात. पुढे रोज रात्री हीच फेरी चालवायची, आधीच्या फेरीच्या सुरुवातीच्या दहा मिनिटं आधीपासून.

वेळेचा अंदाज घ्या. ४०,००० संभाषणं असतील तर याद्यांच्या विनंत्या नगण्य, पण तपशिलाच्या ४०,०००. सेकंदाला पाच या चालीने सव्वादोन तास लागतात. मिनिटाला किती विनंत्या चालतील याचा कोटा मोठा दिसला तरी तो दहा-दहा सेकंदांत वाटलेला असतो. मिनिटाला १००० असेल तर दर १० सेकंदांना १६६. एकदम भडिमार केला तर मिनिटाचा कोटा शिल्लक असूनही ४२९ चा, म्हणजे ‘विनंत्या फार झाल्या’ असा एरर येतो. उत्तराच्या हेडरमध्ये शिल्लक विनंत्या आणि कोटा पुन्हा भरण्याची वेळ दिलेली असते. ती वाचून थांबा. तुमच्या वेबसाइटचं दुसरं काही याच टोकनवर चालत असेल तर हे काम रात्रीच करा, नाहीतर दिवसा ग्राहकाच्या स्क्रीनवर त्याचा परिणाम दिसेल.

एका संभाषणाचे जास्तीत जास्त ५०० पार्ट मिळतात, तेही सर्वांत अलीकडचे. वर्षानुवर्षं एकाच धाग्यात बोलणाऱ्या घाऊक ग्राहकांचे जुने मेसेज त्यामुळे एपीआयच्या आवाक्याबाहेर जातात. ‘स्टॅटिस्टिक्स’ मधली पार्टची संख्या ५०० पेक्षा जास्त दिसली की तो आयडी वेगळा काढून ठेवा आणि ते संभाषण इनबॉक्समधून हाताने एक्सपोर्ट करा. रात्रीची फेरी लवकर सुरू करण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे: आज आत असलेला पार्ट उद्या बाहेर ढकलला जाईल. म्हणून नवी प्रत लिहिताना जुनी पुसू नका, पार्ट त्यांच्या आयडीने जोडत जा.

जोडलेल्या फाइल, म्हणजे तुटलेल्या वस्तूचे फोटो, बिलं, या त्याच फेरीत उतरवा. नुसती लिंक साठवून ठेवली तर तिची मुदत संपते आणि तक्रारीच्या वेळी चित्र उघडत नाही.

साठवण आणि मराठीत शोध

मूळ जेसन (एपीआयचं उत्तर ज्या मजकूर-स्वरूपात येतं ते) जसंच्या तसं ठेवा, एका ओळीत एक संभाषण, यूटीएफ-८ मध्ये, महिन्यागणिक फाइल. टेबल, रिपोर्ट काय हवं ते त्यावरून करा. थेट एक्सेलमध्ये उतरवू नका. एक्सेलच्या एका घरात ३२,७६७ अक्षरंच मावतात, संभाषणाचा लांबलचक आयडी ई घातलेल्या आकड्यासारखा दिसतो, आणि सीएसव्हीच्या सुरुवातीला बीओएम (यूटीएफ-८ ची ओळखखूण) नसेल तर मराठी मजकुराची चिन्हांची खिचडी होते.

शोधासाठी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरेसा आहे. पण त्याच्या एफटीएस५ या मजकूर-शोधाच्या सोयीचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) काना-मात्रांना अक्षर मानत नाही आणि देवनागरी शब्द मधूनच तोडतो. त्याला कॅटेगरीजमध्ये मात्रांचे दोन्ही गट (एमएन आणि एमसी) जोडून द्या, किंवा तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडणारा ट्रायग्राम टोकनायझर वापरा. तो ३.३४ आवृत्तीपासून आहे आणि किमान तीन अक्षरांचा तुकडा शोधू शकतो.

मराठीची आणखी एक खोच आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधाला मात्र वेगळे. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने हे एक होत नाहीत, म्हणून शोधाच्या प्रतीत दुसऱ्या प्रकाराचं पहिल्यात स्वतः रूपांतर करा. आणि बरेच ग्राहक मराठी रोमन अक्षरांत लिहितात. ‘परत’, ‘रिटर्न’, ‘रिफंड’, ‘वापस’ या सगळ्यांची देवनागरी आणि रोमन रूपं एकत्र करून एक शब्दयादी ठेवा आणि त्या पूर्ण यादीने शोधा.

तक्रार चालू असताना

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून महिन्याभरात निकाली काढायची असते. चॅट शोधण्यात आठवडा गेला तरी पोच थांबवू नका. संभाषण सापडलं की त्याची जेसन फाइल वेगळी काढा आणि तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइल बदलली तर बदलणारा तिचा ठसा) घेऊन तारखेसह लिहून ठेवा. प्रकरण कोर्टात गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात हॅश लिहावा लागतो. स्क्रीनशॉट सोबतीला ठेवा, मुख्य पुरावा म्हणून फाइलच.

आणि ही सगळी प्रत म्हणजे लोकांचे पत्ते, फोन, कधी आजारपणाचे तपशील. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. डिस्क एन्क्रिप्ट करा, दोन-तीन जणांनाच प्रवेश द्या, कुणी काय शोधलं याची नोंद ठेवा. किती वर्षं ठेवायचं ते आधी ठरवा आणि त्या तारखेला खरोखर पुसा. ग्राहकाने माहिती पुसायला सांगितली आणि तुम्ही ती इंटरकॉममधून काढली, तर संभाषणाच्या आयडीने तुमच्या प्रतीतून, जोडलेल्या फाइलींतून आणि शोधाच्या इंडेक्समधूनही त्याच दिवशी काढा. रात्रीची फेरी हे स्वतःहून करत नाही, कारण पुसलेलं संभाषण सर्चमध्ये येतच नाही. त्यासाठी डिलीट केलेल्या आयडींची वेगळी यादी ठेवावी लागते.